जावेने दुखावलं, तिला क्षमा केली म्हणजे झालं ते विसरायचं का? आणि तिची चूक बोलून दाखवणं म्हणजे न्याय करणं, येशूने मना केलेलं दुसऱ्याचे दोष काढणं, का?

दोन्हींना माझं उत्तर 'नाही' आहे.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात (मत्तय 7) येशू कुसळ-मुसळाबद्दल बोलतो, पण पाचवं वचन लोक वाचतच नाहीत. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं ते आहे. म्हणजे कुसळ काढायचंच आहे, फक्त क्रम पाळायचा. आणि मत्तय 18:15 प्रमाणे चूक सांगायची ती एकांतात, दोघांतच. उपासनेनंतर आवारात चार बायकांना सांगितली की झालीच ती चहाडी.

वडिलांच्या आजारपणाच्या खर्चावरून मी आणि माझा थोरला भाऊ दोन वर्षं बोलत नव्हतो. एका रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे माझा आवाजच बंद झाला. वर सांगितलेल्या मत्तय 18 मध्येच एका चाकराचा दृष्टान्त आहे: सोबतीच्या चाकराकडून येणं असलेले शंभर दीनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तो सोडायला तयार नसतो. रक्कम लहान नाहीच. पण त्या चाकराला स्वतःला दहा हजार तालान्त, म्हणजे कधीच फिटणार नाही एवढं कर्ज, माफ झालं होतं.

संध्याकाळी पीएमटीने, म्हणजे पुण्याच्या सिटी बसने, वानवडीला दादाकडे गेलो. वहिनीने दार उघडलं, दादा आतूनच म्हणाला, "जेवून जा." हिशोब पुढच्या आठवड्यात बसून केला, कागदावर.

मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागी जा. क्षमेसाठी त्याच घरात राहावं लागत नाही.