बॅडमिंटन खेळणाऱ्याने पहिलं पिकलबॉल पॅडल कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पंचेचाळिशी ओलांडलीये, बरीच वर्षं बॅडमिंटन खेळलात, आता सोसायटीत पिकलबॉल (बॅटसारखं पॅडल घेऊन भोकांच्या प्लास्टिक बॉलने नेटवरून खेळतात तो खेळ) सुरू झालंय, उजवं कोपर अधूनमधून दुखतं आणि दुकानदार १४ मिमीचं लांबट कार्बन पॅडल घ्या म्हणून मागे लागलाय. ते घेऊ नका. १६ मिमी जाडीचं, २१५ ते २२५ ग्रॅम वजनाचं, नेहमीच्या रुंद आकाराचं पॅडल घ्या आणि मूठ हाताला नीट बसते की नाही ते आधी बघा. पृष्ठभाग कार्बनचा की फायबरग्लासचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त लोक बॅडमिंटनमधून आलेले आहेत. त्यांच्या हातांचं काय होतं हे रोज बघते, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

सुरुवात वजनापासून करू. बॅडमिंटनची रॅकेट साधारण ८५ ग्रॅमची असते आणि पॅडल तिच्या अडीचपट. बॅडमिंटनवाल्यांची सगळी ताकद मनगटाच्या झटक्यात. तोच झटका अडीचपट वजन घेऊन मारला की ताण येतो तो कोपराच्या बाहेरच्या बाजूला जोडलेल्या स्नायूंवर. ‘टेनिस एल्बो’ म्हणतात ती जागा हीच. म्हणून काही जण अगदी हलकं, दोनशे ग्रॅमच्या आसपासचं पॅडल शोधतात. पण त्याने कोपर वाचतंच असं नाही. पॅडल फार हलकं असलं की बॉलचा धक्का पॅडलमध्ये कमी जिरतो आणि हाताला जास्त बसतो, शिवाय बॉल पलीकडे न्यायला जोर लावावा लागतो. २३५ ग्रॅमच्या वर गेलात तर नेटजवळ हात वेळेवर वर येत नाही. मधलं वजन सांगतेय ते यासाठी. आणि हो, एकाच मॉडेलच्या दोन पॅडल्समध्ये पाच-दहा ग्रॅमचा फरक सहज सापडतो, कंपन्यासुद्धा वजन ‘इतके ते इतके’ असंच छापतात. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा.

मुठीकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. पॅडलच्या मुठीचा घेर साधारण ४ ते साडेचार इंच असतो. तळहात उघडा आणि मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. जो आकडा येईल तो तुमचा घेर. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर बारीक घ्या, वर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) गुंडाळून जाडी वाढवता येते. जाड मूठ मात्र कमी करता येत नाही. तुम्हाला बारीक मुठीची सवय असणार, त्यामुळे सव्वाचारपेक्षा चारच बरी वाटेल. मूठ जाड असेल तर हात ती घट्ट आवळतो, आणि आवळलेला हात कोपराला त्रास देतो. आपल्याकडच्या दमट हवेत घामाने मूठ सटकायला लागली तरी तेच होतं. ओव्हरग्रिप वेळच्या वेळी बदलत राहा.

आता जाडी. पॅडलचा पृष्ठभाग म्हणजे नुसता पातळ थर, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांचा प्लास्टिकचा गाभा असतो. हा खेळ १९६५ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला आणि तेव्हा प्लायवूडची पॅडल्स होती. १९८४ साली आर्लन परांटो या बोइंगच्या इंजिनिअरने विमानाच्या जमिनीत वापरतात तसले पोकळ घरांचे पॅनल वापरून पॅडल बनवलं, आजची पॅडल्स त्याच वाटेने आली. गाभा जाड असला की बॉलचा वेग जास्त शोषला जातो. १३-१४ मिमीच्या पॅडलवरून बॉल चटकन उसळतो, १६ मिमीवरून तो शांतपणे सुटतो.

तुम्हाला शांतच हवंय, कारण कोर्ट जरी बॅडमिंटनच्या डबल्सइतकंच, २० बाय ४४ फूट असलं तरी खेळ तो नाही. नेट मध्यभागी फक्त ३४ इंच उंच आहे आणि नेटच्या दोन्ही बाजूंना ७ फुटांचं ‘किचन’ आहे, ज्यात उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही. त्यामुळे रॅली जिंकतो तो किचनमध्ये हळूच बॉल टाकणारा. स्मॅशची हौस असलेले नवे खेळाडू जोरात मारतात आणि समोरचा नुसतं पॅडल आडवं धरून तोच जोर परत पाठवतो. तुमच्याकडे बॅडमिंटनमधल्या ड्रिबलचा, म्हणजे नेटजवळ शटल हळूच पलीकडे टाकण्याचा हात आधीच आहे, तो इथे सोन्याचा आहे. जाड पॅडल त्याला साथ देतं.

लांबट पॅडलचा मोह होईल, कारण हाताला लांब रॅकेटची सवय. पण नियम असा की लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे लांबी वाढली की रुंदी कमी. बॉल कडेला लागला की अरुंद पॅडल हातात जास्त फिरतं, आणि तो पिळा परत कोपरातच जातो. १६ बाय ८ इंचांच्या आसपासचं घ्या.

पृष्ठभागाचं थोडक्यात: फायबरग्लास बॉल जास्त फेकतं. कच्चा, खरखरीत कार्बन बॉल पकडतो, स्पिन देतो आणि ताबा सोपा करतो. बजेटमध्ये बसला तर कार्बन घ्या, नाहीतर १६ मिमीचं फायबरग्लासही चालेल. ‘टी७००’ हा जपानच्या तोरे कंपनीच्या कार्बन धाग्याचा दर्जा आहे, पण स्वस्त पॅडलवरही तो आकडा सर्रास छापलेला असतो. त्याला भुलू नका. सेटमध्ये मिळणारी लाकडी पॅडल्स मात्र तुमच्या कोपरासाठी नकोतच, ती बहुतेक तीनशे ग्रॅमच्या घरात जातात. पुढे स्पर्धा खेळायच्या असतील तर यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या मान्यताप्राप्त पॅडल्सच्या यादीत मॉडेलचं नाव आहे का तेही तपासून घ्या.

विकत घेण्याआधी कुणाचं तरी पॅडल मागून घ्या आणि किचनच्या रेषेवर उभं राहून नुसते तिरके डिंक, म्हणजे समोरच्या किचनमध्ये हळूच टाकायचे फटके, मारत राहा. स्मॅश मारून पॅडल पारखू नका, स्मॅश सगळ्याच पॅडलने लागतो. मग समोरच्याला जोरात मारायला सांगा आणि बॉल नुसता अडवून किचनमध्ये पडतो का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर काय म्हणतंय तेही बघा. दुखणं तसंच राहिलं तर पॅडल बदलत बसण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

उरलेल्या पैशांत कोर्टवर घालायचे, बाजूने आधार देणारे बूट घ्या. तुमचे बॅडमिंटनचे बूट चांगले असतील तर इनडोअर कोर्टवर तेच चालतील. पण तुमच्या सोसायटीचं कोर्ट सिमेंटचं असेल तर त्यांचा मऊ रबरी तळ लवकर झिजेल, तिथे टेनिसचे बूट घ्या.