वस्तू आणि सेवा यांच्या रचनेची तत्त्वे वेगळी असतात का?

ग्राहकाची गरज आधी ओळखावी, रचना सोपी ठेवावी आणि चुकीला वाव राहू देऊ नये, ही तत्त्वे दोन्हींना लागू आहेत. मात्र वस्तू कारखान्यातून निघण्यापूर्वी तपासता येते, तर सेवा देतानाच वापरली जात असल्याने तिच्या बाबतीत मुळात प्रक्रियाच निर्दोष आखावी लागते. मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची सेवा हे माझ्या मते याचे उत्तम उदाहरण आहे. डब्यावरील रंग, अक्षरे आणि आकडे यांतून उतरण्याचे स्थानक, इमारत आणि मजला कळतो. पूर्ण पत्ता लिहिलेलाच नसतो, कारण लोकलच्या क्षणभराच्या थांब्यात तो वाचणार कोण? रिकामा डबा घरी परत नेण्यासही त्याच खुणा उपयोगी पडतात.