बेसमेंटमधली लाकडाची फर्नेस: भडकलेल्या आगीपेक्षा धुमसती आग वाईट

तुमचे प्रश्न तीन आहेत. उत्तर मिशिगनमध्ये घेतलेल्या घराच्या बेसमेंटमध्ये जुन्या मालकाने लाकडाची फर्नेस (लाकूड जाळून डक्ट म्हणजे पत्र्याच्या नळ्यांमधून घरभर गरम हवा देणारी भट्टी) सोडली आहे, ती वापरावी का? रात्रभर पेटती ठेवून झोपता येतं का? आणि वीज गेली तर काय?

वापरा, पण धुराडं तपासून घेतल्याशिवाय एक काडीही ओढू नका. घराची मालकी बदलली की एनएफपीए २११ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे 'लेव्हल २' तपासणी करून घ्यायची असते. धुराडं साफ करणारा प्रमाणित माणूस आत कॅमेरा सोडून अस्तराला तडा गेलाय का ते बघतो. "मागच्याच वर्षी झालंय सगळं" हे विकणाऱ्याचं वाक्य कानाआड करा.

आता मुख्य गोष्ट. नवा माणूस मोठ्या ज्वाळांना घाबरतो आणि आग जरा भडकली की हवा कोंडतो. वर लाकूड ओलं असेल तर झालंच. आग धुमसते, धूर अर्धवट जळतो आणि धुराड्यात साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला की त्यातले डांबरी अंश भिंतीला धरतात. हेच क्रिओसोट. सुरुवातीला ती भुसभुशीत काजळी असते, ब्रशने निघते. दुर्लक्ष झालं की कडक पापुद्रे धरतात आणि शेवटी काळा, चकचकीत थर बसतो, त्यावर ब्रश नुसता घसरतो. तो पेटला तर धुराड्यात हजार अंशांच्या वर तापमान जातं. थर ३ मिलिमीटरवर गेला की साफसफाई आलीच, मग हंगाम मध्यावर असो वा नसो.

म्हणजे निम्मी सुरक्षितता सरपणातच आहे. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. मापायचं यंत्र स्वस्त मिळतं, पण बाहेरून टोचू नका. ओंडका मधोमध फोडा आणि ताज्या, आतल्या बाजूला टोचा. बाहेरची बाजू कायम कोरडी दाखवते, आणि विकणाऱ्यांचं 'सीझन्ड' म्हणजे वाळवलेलं लाकूड बरेचदा याच परीक्षेत नापास होतं. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेली टणकन वाजते, ओली बद्द. ओकला दोन उन्हाळे लागतात, मेपल-ॲशला साधारण एक. म्हणून या हिवाळ्याचं सरपण आत्ता शोधू नका, पुढच्याचं वसंतातच रचून ठेवा, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून. लांबून लाकूड आणू नका: २००२ मध्ये डेट्रॉईटजवळ सापडलेला ॲशची झाडं मारणारा किडा असाच सरपणाबरोबर गावोगाव पोचला. रंगवलेलं किंवा प्रक्रिया केलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक, कचरा यातलं काहीही आत जाता कामा नये. पेटवायला पेट्रोल-रॉकेल तर नावही काढू नका.

रात्रीचं म्हणाल तर झोपता येतं, पण झोपायच्या क्षणी गच्च भरून, हवा बंद करून जायचं नाही. झोपण्याच्या तासभर आधी लाकूड घाला, चांगलं पेटू द्या, मगच हवा हळूहळू कमी करा. फर्नेसचं दार उघडताना आधी बोटभर फट करून थोडं थांबा, नाहीतर भपकारा तोंडावर येतो.

आणि आपल्या घरांत हमखास होणारा एक प्रकार. वर कोणी फोडणी देताना ओट्यावरचा एक्झॉस्ट पूर्ण वेगात लावतं, त्यात कपड्यांचा ड्रायर चालू. घर गच्च बंद असतं, मग ही यंत्रं हवा खेचतात ती सरळ फर्नेसच्या धुराड्यातून, धुरासकट. लाकूड घालताना एक्झॉस्ट बंद ठेवा किंवा खिडकी थोडी उघडा. फोडणीने अलार्म वाजतो म्हणून त्याचे सेल काढून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा आणि धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवाच.

राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा. डबा बाहेर, घरापासून निदान १० फूट, सिमेंटवर किंवा मातीवर. लाकडी डेकवर कधीच नाही. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, बंबाखालच्या राखेचा अनुभव असेल तर हे वेगळं सांगायला नको.

धुराड्यातून आगगाडीसारखा घरघराट आला किंवा पाइप थरथरू लागला तर फर्नेसचं दार आणि हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ९११ ला फोन करा. पाणी ओतू नका. आग विझली तरी पुन्हा तपासणी होईपर्यंत फर्नेस पेटवायची नाही.

वीज गेली की ब्लोअर (गरम हवा ढकलणारा पंखा) थांबतो आणि उष्णता फर्नेसमध्ये व डक्टच्या तोंडाशी कोंडते. अशा वेळी नवीन लाकूड अजिबात घालायचं नाही, आहे ते जळू द्यायचं. काही मॉडेल्समध्ये ब्लोअरचं झाकण काढून गरम हवेला आपोआप वर जायला वाट देतात, काहींत ते चालत नाही. त्यासाठी पाटीवरचा मॉडेल नंबर बघून पुस्तिका मिळवा आणि हिवाळ्याआधी वाचा, टॉर्चच्या उजेडात नव्हे. जनरेटर लावणार असाल तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही.

आणि पहिली आग पेटवायच्या आधी विमा कंपनीला कळवा. न कळवलेल्या फर्नेसवरून पुढे दावा अडू शकतो.