एस.ई.5ए या पहिल्या महायुद्धातल्या बायप्लेनचं (एकावर एक दोन पंखांच्या विमानाचं) जुनं 1/72, म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान, किट करतोय. वरचा पंख कलतोय आणि पंखांमधल्या तारांची धास्ती वाटतेय. किटमधल्या कुठल्या चुका दुरुस्त कराव्यात?

तुम्ही म्हणता की पंख सपाट निघालेत, वरचा पंख नुसता ठेवून पाहिला तरी डावीकडे झुकतो आणि कुठवर दुरुस्त्या करत बसायचं ते कळत नाही. हे विमान मी तीनदा केलंय. पहिल्या वेळी वरचा पंख एकाच बैठकीत चिकटवला. सकाळी पाहिलं तर तो एका अंगाला कललेला. सगळे स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधले खांब, कापून सोडवावे लागले. म्हणून सांगतो, आज काहीच चिकटवू नका.

आधी विमान कुणाचं आणि कधीचं करायचं ते ठरवा. एस.ई.5ए पाच हजारांच्या आसपास बनली, पण सगळी एकसारखी नव्हती. 200 अश्वशक्तीचं गिअरवालं हिस्पानो-सुइझा इंजिन असेल तर प्रोपेलर बहुतेक चार पात्यांचा, आणि त्याचा तुंबा (पाती जिथे जुळतात तो मधला भाग) नाकावर वरच्या अंगाला. वूल्झली वायपर इंजिन गिअरशिवाय थेट प्रोपेलर फिरवायचं, म्हणून तुंबा खाली आणि पाती दोन. माझ्या किटात नाक एका इंजिनाचं आणि प्रोपेलर दुसऱ्याचा होता. ज्या विमानाचं मॉडेल करायचं त्याचा समोरून काढलेला फोटो शोधा आणि पाती मोजा. ही दुरुस्ती मात्र टाळू नका, कारण ती टाळली तर असं विमान कधी उडालंच नाही असं काहीतरी तयार होतं.

मी इंद्रलाल रॉय यांचं विमान निवडलं. कोलकात्यात 1898 साली जन्मलेला हा मुलगा 1918 च्या जुलैत फ्रान्समध्ये 40 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये एस.ई.5ए उडवत होता. 6 ते 19 जुलै या दोन आठवड्यांत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय लागले. 22 जुलैला ते लढाईत पडले, तेव्हा वय होतं 19. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तो मृत्यूनंतर. 1998 मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. विमान कुणाचं हे ठाऊक असलं की कॉकपिटच्या त्या एवढ्याशा भोकात सीटचे पट्टे बसवताना हात आपोआप सावकाश चालतो.

आता मापं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 8.11 मीटर, लांबी 6.38 मीटर. म्हणजे तुमच्या मॉडेलमध्ये साधारण 112.6 आणि 88.6 मिलिमीटर. एखाद-दुसरा मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, तो डोळ्याला दिसत नाही. डोळ्याला दिसते ती जाडी. पंखाची मागची कड मोजा. माझ्या किटात ती 0.6 मिलिमीटर होती. 72 ने गुणा: खऱ्या विमानात ती चार सेंटिमीटरहून जाड झाली असती, दाराच्या फळीएवढी! खऱ्या पंखाची कड म्हणजे ताणलेल्या कापडाची धार. म्हणून पेन्सिलीला 400 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि फक्त खालच्या बाजूने घासत जा. वरच्या फासळ्या तशाच राहतात आणि खालची हलकी पोकळ गोलाईही टिकते. कड उजेडासमोर धरली की प्लॅस्टिकमधून प्रकाश झिरपायला लागतो, तिथे थांबायचं. चारही पंखांना मिळून माझे दोन रविवार गेले. पण एवढं एकच काम केलंत तरी मॉडेलचं रूप पालटेल.

फासळ्यांमधले खड्डेही जुन्या किटांत फार खोल असतात. खरं कापड डोप (कापड आवळून घट्ट करणारं लॅकर) लावून ढोलाच्या कातड्यासारखं ताणलेलं असायचं. फासळ्यांचे माथे 1000 च्या ओल्या पेपरने थोडे उतरवा, प्रायमर मारा आणि दिव्याच्या तिरक्या उजेडात बघा. जेमतेम जाणवल्या की पुरे.

सपाट पंखांचं काम सोपं आहे. या विमानाच्या पंखांना वर 5 अंशांचा उठाव होता. तुमच्या मापात पंखाचं टोक मुळापेक्षा सुमारे साडेचार मिलिमीटर वर हवं. वरच्या पंखाचा मधला तुकडा मात्र सपाटच ठेवायचा. हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात पंख धरा, उकळतं पाणी नको. हळूच वाकवा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा.

कललेल्या पंखाचं मूळ बहुतेक मधल्या चार छोट्या स्ट्रटमध्ये असतं. आधी फक्त तेवढेच चिकटवा, वरचा पंख टेकवा, आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाने दोन्ही टोकांपासून शेपटीच्या टोकापर्यंतचं अंतर जुळवा. समोरून पाहताना आडव्या शेपटीला वरचा पंख समांतर दिसला पाहिजे. फोमबोर्डच्या आधारावर रात्रभर ठेवा. बाहेरचे स्ट्रट दुसऱ्या दिवशी.

वरच्या पंखावरची लुईस मशीनगन तपासा. पायदळाच्या गनवरचं जाड नळकांडं विमानातल्या गनवर नसायचं, नळी बारीक आणि उघडी असायची. जाड असेल तर इंजेक्शनची बारीक सुई कापून लावा. रंगाचा घोळ घालू नका: वर पीसी 10, म्हणजे हिरवट तपकिरी, आणि खाली डोप केलेल्या कापडाचा साईसारखा रंग. फक्त पावसाळ्यात, हवा दमट असताना लॅकर मारू नका, पांढुरका पडतो.

आता तारा. वरचा पंख बसवण्याआधीच 0.3 मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून ठेवा. वरच्या पंखात अर्धवट, खालच्या पंखात आरपार. बारीक नायलॉनचा दोरा आधी वरच्या पंखात सुपर ग्लूने पक्का करा. रंगकाम संपलं आणि वरचा पंख बसला की दोरा खालच्या भोकातून ओवा, टोकाला कपड्याचा चिमटा लटकवा, भोकाशी ग्लूचा एक थेंब. सुकला की टोक कापून घासा. खऱ्या तारा चपट्या, भिंगाच्या छेदाच्या होत्या, पण या मापात गोल दोरा खपून जातो. करड्या रंगाचा एक हात दिला की झालं. एखादी तार सैल राहिली तर पेटलेली उदबत्ती तिच्या जवळून न्या, टेकवू नका. दोरा तुमच्या डोळ्यांदेखत आवळतो. दर बैठकीत डावी-उजवी अशी एकेकच जोडी करा, नाहीतर एका बाजूच्या ताणाने पंख पुन्हा झुकेल.