पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी रिकामी करून आतून वेल्डिंग करणे कितपत सुरक्षित आहे?

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की बडोद्याजवळच्या तुमच्या पंपावरील २० किलोलिटरच्या पेट्रोलच्या टाकीत विश्वामित्री नदीच्या पुरानंतर वारंवार पाणी लागते. टाकी रिकामी करून, एक रात्र मॅनहोल उघडे ठेवून, दुसऱ्या दिवशी माणूस आत उतरवून वेल्डिंग करू, असे ठेकेदार म्हणतो. मी बडोद्यातच राहतो आणि अशा टाक्यांच्या सफाईच्या व दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करण्यात माझी २६ वर्षे गेली आहेत. ठेकेदार सांगतो त्या पद्धतीने हे काम कृपया होऊ देऊ नका.

टाकी रिकामी झाली म्हणजे धोका गेला, हा या कामातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. द्रव पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के या प्रमाणात मिसळलेली असतानाच. भरलेल्या टाकीतील वाफ बहुधा या मर्यादेच्या वर असते, म्हणजे तिथे पेटण्यापुरती हवाच नसते. आपण टाकी उपसतो आणि झाकण उघडतो, तेव्हा हवा आत शिरते आणि मिश्रण नेमके पेटण्याजोगे होते. हिशेब करून पाहा : एक लिटर पेट्रोलची सुमारे २५० लिटर वाफ होते, म्हणजे २० घनमीटरच्या संपूर्ण टाकीत स्फोटक मिश्रण तयार होण्यास जेमतेम एक ते दीड लिटर पेट्रोल पुरते. इतके पेट्रोल तर तळाच्या गाळात आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली सहज राहते. शिवाय ही वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असल्यामुळे उघड्या मॅनहोलमधून आपोआप बाहेर पडत नाही. ती तळाशी, जिथे माणूस बसून खरवडणार असतो, तिथेच साचून राहते. एक रात्र झाकण उघडे ठेवण्याचा उपयोग म्हणूनच जवळपास शून्य आहे.

म्हणून क्रम असा असावा. उपसण्यासाठी फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू शकणार नाही असा) किंवा हवेच्या दाबावर चालणारा पंप वापरावा, आणि पाइप आत सोडण्यापूर्वी टाकी, पंप आणि टँकर एकमेकांना तारेने जोडून अर्थिंग करावे, कारण वाहत्या पेट्रोलने निर्माण होणाऱ्या स्थिर विजेची ठिणगीही पुरेशी असते. त्यानंतर टाकीला जोडलेली प्रत्येक लाइन सोडवून तिला ब्लाइंड (तोंड पूर्ण बंद करणारी चकती) लावावे. केवळ व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण जुने व्हॉल्व्ह झिरपतात. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : काही पंपांवर दोन टाक्यांचे व्हेंट पाइप (वाफ बाहेर सोडणारे पाइप) वर एकत्र जोडलेले असतात. तसे असेल तर शेजारच्या टाकीत टँकर रिकामा होत असताना तिथली वाफ त्या पाइपातून तुमच्या स्वच्छ केलेल्या टाकीत येते. त्यामुळे व्हेंट वेगळा केल्याशिवाय पुढे जाऊ नये आणि काम चालू असेपर्यंत शेजारच्या टाकीतही माल उतरवू नये. हवा खेळवताना नळी थेट तळापर्यंत न्यावी आणि बाहेर पडणारी वाफ माणसांच्या डोक्याच्या बरीच वर सोडावी. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक सिलिंडर टाकीत फवारून 'गॅस मारण्याची' पद्धत मी पाहिली आहे. त्या जोरदार फवाऱ्यानेही स्थिर वीज तयार होते, त्यामुळे तसे कधीही करू नये.

टाकीतली हवा तपासणाऱ्या मीटरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जीव त्यावर अवलंबून असतो. आधी ऑक्सिजन मोजावा (तो १९.५ टक्क्यांहून कमी नसावा), मग ज्वलनशील वाफ मोजावी. बंद लोखंडी टाकीतला गंजच ऑक्सिजन खातो, आणि ऑक्सिजन फार कमी असेल तर नेहमीचे वाफ मोजणारे मीटर खोटा कमी आकडा दाखवते. वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन उंचींवर नळी सोडून नमुना घ्यावा. मीटरवरील १०० म्हणजे संपूर्ण टाकी वाफेने भरलेली असा अर्थ नसून पेटण्याची खालची मर्यादा, म्हणजे १.४ टक्के, असा आहे. पेट्रोलच्या वाफेत आठ तास काम करण्यासाठी सामान्यतः वापरली जाणारी मर्यादा दहा लाख भागांत ३०० आहे आणि ती मीटरवर जेमतेम २ दिसते. आगीच्या दृष्टीने 'फक्त पाच आहे' असे जे म्हटले जाते, ते श्वासाच्या दृष्टीने जास्तच असते. आगीच्या कामासाठी तर शून्यच हवे, आणि तेही काम चालू असेपर्यंत सतत मोजलेले.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका पंपावर सकाळी पावणेनऊला रजिस्टरमध्ये मी स्वतः 'शून्य' लिहिले होते. खाली उतरलेल्या मुलाने तळाचा गंज खरवडायला सुरुवात केली, पापुद्रा सुटला आणि त्याखाली अडकलेले पेट्रोल मोकळे झाले. अर्ध्या तासाने तो हातातली पितळी खरवडणी तशीच धरून हळूहळू खाली बसला. त्याचा चुलतभाऊ मॅनहोलवर होता. त्याने चपला काढल्या आणि एक पाय आत टाकलाही. मी त्याची कॉलर धरून मागे ओढले, कारण टाकीतले मृत्यू अनेकदा वाचवायला उतरलेल्या दुसऱ्या माणसाचे असतात. खालच्या मुलाच्या अंगावर हार्नेस होता, दोर ट्रायपॉडला होता, म्हणून दोन मिनिटांत त्याला वर काढता आले आणि तो वाचला. मीटर खाली सोडले तेव्हा त्याचा अलार्म थांबेना. त्या दिवसापासून मी सकाळच्या आकड्यावर दुपारचे काम होऊ दिलेले नाही. मॅनहोलवरच्या माणसाला दुसरे कोणतेही काम सांगू नका, पाणी आणायलाही पाठवू नका. साधा फिल्टरचा मास्क ऑक्सिजन देत नाही. शंका असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. आतला दिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक नसावा आणि तो फ्लेमप्रूफ असावा.

पूर आलेल्या जागी आणखी एक धोका असतो. २० घनमीटरची टाकी भूजलात बुडालेली असेल तर पाणी तिला सुमारे २० टन जोराने वर ढकलते, आणि रिकामी लोखंडी टाकी स्वतः त्याच्या एका लहानशा भागाइतक्याच वजनाची असते. पाणी वर असताना टाकी उपसली, तर ती जमीन फोडून वर येऊ शकते आणि पाइप तुटतात. म्हणून भोवतालच्या पाण्याची पातळी खाली गेल्याची खात्री झाल्याशिवाय उपसू नये.

पाणी लागते म्हणजे टाकीलाच भोक आहे, असेही गृहीत धरू नका. फिल पाइपचे (माल भरण्याच्या पाइपाचे) झाकण, मॅनहोलचे गॅस्केट, डिप पाइपचा (पातळी मोजण्याची पट्टी सोडतात त्या पाइपाचा) जोड यांतूनही पुराचे पाणी शिरते, आणि ते तपासायला कोणालाही आत उतरावे लागत नाही. आधी ते तपासा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी अधिक झाले की इथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे होते, म्हणून विक्री थांबवून मगच तपासणी करा.

टाकीलाच भोक निघाले तर माझे मत असे की बडोद्याच्या मातीत अनेक वर्षे पुरलेल्या टाकीला जागेवर वेल्डिंग करण्यापेक्षा ती काढून नवी बसवावी. एका जागी गंजून भोक पडले असेल, तर शेजारचा पत्राही पातळच झालेला असतो. काहीही ठरवले तरी तेल कंपनीला लेखी कळवा. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार टाकी वाफमुक्त असल्याचे सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि पेसोची (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेची) परवानगी कोणत्या कामाला लागेल हेही कंपनीकडूनच लेखी घ्या. निघालेला गाळ गटारात सोडू देऊ नका. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारात शिरलेल्या पेट्रोलच्या वाफेने रस्तेच्या रस्ते फुटले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. गाळ परवानाधारक संस्थेकडे सोपवून त्याची पावती त्याच फाइलमध्ये लावा.