वजनकाट्याची बिलिंगशी गाठ घालून देणारी नोकरी

नमस्कार,

परभणीहून तुमचं पत्र मिळालं. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाली, वाळूजच्या एका छोट्या कंपनीत लागतेय, आणि काम काय, तर जिनिंगवाल्यांचे जुने वजनकाटे नव्या बिलिंग सॉफ्टवेअरला जोडून देणं. मैत्रिणी पुण्यात ॲप बनवतात आणि आपली पोरगी लोकांची जोडाजोड करत बसणार, ही तुमची खंत.

मी म्हणेन, जाऊ द्या तिला.

काट्याचंच घ्या. डिस्प्लेच्या मागच्या सिरियल पोर्टातून तो आकड्यांच्या ओळी सोडत राहतो, किलोमध्ये. बिलिंगला हवं एकच वजन, क्विंटलमध्ये, शेतकऱ्याच्या नावासकट. गाडी काट्यावर चढताना आकडा नाचतो. तो थांबू द्यायचा, रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, १०० ने भागायचं, मग पुढे पाठवायचं. त्यात जुन्या प्रोग्रामातली नावं युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात असली, तर ‘ज्ञानोबा’च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. हे सगळं निस्तरणारा मधला कोड म्हणजे ॲडॅप्टर. काम किरकोळ वाटतं खरं, पण १९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान अशाच सांध्यावर वाया गेलं! एक सॉफ्टवेअर पौंडाच्या हिशेबात आकडे देत होतं, दुसरं ते न्यूटनचे धरून चाललं होतं.

तिला एक मात्र बजावून सांगा: किलो-क्विंटलचा हिशेब कोडमध्ये जागोजागी विखरायचा नाही, एकाच ठिकाणी ठेवायचा. उद्या मिलने दुसऱ्या कंपनीचा काटा बसवला, तर तेवढाच तुकडा बदलायचा, बिलिंगला हात लावायचा नाही. काट्यावरून आलेल्या खऱ्या ओळी जपून ठेवून चाचण्या त्यांच्यावर घ्यायच्या. ऐन हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना तिथे प्रयोग कोण करू देणार?

कोड लिहायची पायथन आणि डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल, या दोन भाषा आल्याच पाहिजेत. जोडीला मॉडबस, म्हणजे कारखान्यांतली यंत्रं एकमेकांशी आकडे देवाणघेवाण करतात ती पद्धत, शिकली, तर वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतली यंत्रंही तिच्या आवाक्यात येतील.

होकार देण्याआधी कंपनीला दोन गोष्टी विचारा. मुलीचा कोड तपासणारं अनुभवी माणूस आहे का? आणि कोड ती स्वतः लिहिणार, की नुसतं इन्स्टॉल करत गावोगाव फिरणार? फिरणंच असेल तर दुसरीकडे बघा. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले, तर पुढचं बोलणंच नको.