निवृत्तीनंतर निसर्गचित्रं काढायला जमेल का?

आयुष्यभर गणित शिकवलं, चित्रकलेची एलिमेंटरीसुद्धा दिलेली नाही, आता साठीनंतर जलरंगात निसर्गचित्रं जमतील का, असं तुम्ही विचारलंय. नक्की जमतील. मी कोल्हापुरात भूगोल शिकवायचो आणि निवृत्त झाल्यावरच ब्रश हातात घेतला, म्हणून खात्रीने सांगतो.

शिक्षकाचा हात तयार असतो. फळ्यावर आकृती काढताना तो खांद्यातून फिरतो आणि आभाळाचा मोठा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, द्यायला नेमकं तेच लागतं. खरी अडचण वेगळी आहे. काळ्या फळ्यावर आपण खडूने उजेड भरत आलो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखावा लागतो. सकाळी रंकाळ्याच्या पाण्यावर जी चकाकी दिसते, ती तेवढी जागा कोरी सोडली तरच चित्रात उतरते. त्यामुळे रंगाआधी पोस्टकार्डाएवढं पेन्सिल रेखाटन करा. डोळे किलकिले करून बघा आणि तीनच छटा ठरवा: कोरी, मधली, गडद. हे कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका.

ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावू नका. उन्हातलं आंब्याचं झाड निरखून बघा, माथा पिवळसर, आतली सावली निळसर-जांभळी, कोवळी पालवी तर चक्क तांबूस! अल्ट्रामरीन निळ्यामध्ये यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळा, भडक वाटलं तर किंचित बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी.

रंग विद्यार्थ्यांसाठी मिळतात तसले स्वस्त चालतील, कागदात मात्र काटकसर नको. ३०० जीएसएमचाच (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि नवशिक्याला वाटतं, आपल्याला येतच नाही. पावसाळ्यात वॉश लवकर वाळत नाही, दुसरा थर देण्याआधी धीर धरा.

वयाचं म्हणाल तर रवींद्रनाथ साठीनंतरच चित्रांकडे गंभीरपणे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. जागेसाठीही लांब जायला नको. आमचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पण कोल्हापूरला परतून तिथल्या कोटितीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकाच जागेचा उजेड रोज वेगळा असतो, हे मला त्यांच्या चित्रांनी दाखवलं.

तुमच्या गावात एखादा ओढा, तळं, निदान वडाचं झाड असेलच. तिथेच जा, पण सकाळी लवकर. ऊन डोक्यावर आलं की सावल्या आखडतात आणि रंगवण्यासारखं फारसं उरत नाही.